खोडव्याची उंची

पेटंटच्या अर्जातल्या आकृत्या माझ्या होत्या. सातही. म्हणूनच तो अर्ज माझ्या हातात पडला. कॉलेजच्या संशोधन कक्षातल्या क्लार्क बाईंचा फोन आला, की आकृती चारमधला बाण उलटा वाटतोय, एकदा येऊन बघून जा. बाण बरोबर होता. तो बघून झाल्यावर मी सहज पहिलं पान उलटलं. 'संशोधक' या रकान्यात तीन नावं होती. एक माझ्या गाइडचं, म्हणजे सरांचं. दुसरं विभागप्रमुखांचं. तिसरं ज्या कंपनीने आम्हाला उपकरणं दिली तिथल्या एका साहेबांचं. या साहेबांनी आमची साइट एकदा पाहिली होती, तीसुद्धा गाडीच्या काचेतून, कारण बाहेर चिखल होता.

माझं नाव शेवटच्या पानावर, 'सहकार्य' या मथळ्याखाली होतं.

हा कॉलेजचा आतला अर्ज. यावर जी नावं लागतात तीच पुढे पेटंट कार्यालयात जातात आणि एकदा गेली की गेली. तो मंजूर करणाऱ्या समितीची बैठक बारा दिवसांवर होती. म्हणजे माझ्याकडे बारा दिवस होते.

याआधी एकदा मी गप्प बसले होते. त्याच वर्षी जूनमध्ये आमचा पेपर छापून आला तेव्हा माझं नाव लेखकांत नव्हतं. खाली आभारात होतं, 'स्थानिक पातळीवरील मदतीबद्दल', आणि माझ्या शेजारी आम्हाला शिडी देणाऱ्या वॉचमनचं नाव होतं. वॉचमनबद्दल माझी तक्रार नाही, शिडी चांगली होती. तेव्हा सर म्हणाले होते, पीएच.डी. व्हायची आहे अजून, घाई कशाला. मी ऐकून घेतलं. ते ऐकून घेणं मला आजही सलतं.

क्लार्क बाईंच्या टेबलावर मी अर्ज ठेवला. आपटला म्हणा. त्यांचा चहा सांडला, आणि त्यांच्यावर राग काढल्याबद्दल मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. सरांची मागितली नाही.

आमच्या कामाला लोकांच्या गच्च्या लागतात, आणि त्या मिळवायच्या कशा हे मी घरी शिकले. माझे वडील धायरीत केबलच्या लाइनवर होते. मालक नव्हेत, लाइनमन. धायरी तेव्हा गावातून शहरात सरकत होती, वर्षाला दहा-बारा इमारती उभ्या राहायच्या, आणि केबल जायची ती गच्चीवरून गच्चीवर, हवेतून. धंद्याचा एक नियम होता: ज्याच्या गच्चीवरून वायर जाईल त्याला कनेक्शन मोफत. ज्याच्या गच्चीवर सिग्नल वाढवणारी पेटी बसेल त्याला घरातल्या दोन टीव्हींना मोफत. वडील अबोल. सोसायटीच्या चेअरमनसमोर त्यांना घाम फुटायचा. मग बोलायचं काम माझ्याकडे आलं. अकरा-बारा वर्षांची मी, दोन वेण्या घातलेली, चेअरमनांना सांगायचे की तुमची गच्ची नाही म्हणाली तर शेजारची बिल्डिंग तयारच आहे, मग पेटी तिकडे बसेल आणि चित्र आधी त्यांच्याकडे स्वच्छ येईल. शेजारच्यांना मी तेव्हा विचारलेलंही नसायचं.

वडिलांनी मला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. बोलणं माणसाशी कर, सोसायटीशी नको. आणि प्रत्येक भेटीला वहीत समोरच्याची सही घे, कारण पुढच्या महिन्यात तो म्हणेल की तुम्ही आलाच नव्हता.

पुढचं सगळं मी स्वतः केलं. डिप्लोमा, मग मोबाइल टॉवर बसवणाऱ्या कंत्राटदाराकडे तीन वर्षं, मग नोकरी सांभाळून डिग्री, मग एम.ई., मग कॉलेजात शिकवण्याची नोकरी. एकाही पायरीवर कुणाची ओळख लावली नाही, कारण लावायला कुणी नव्हतंच. पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा मी सदतीस वर्षांची होते आणि सर माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे होते. ते इंजिनिअरांच्या घरातले. इंग्रजी सुंदर, अक्षर सुंदर, आणि कुणालाही दोन शब्दांत गार करण्याची हातोटी.

आमचा विषय पुढच्या पिढीचं वायरलेस नेटवर्क. त्यातल्या फार उच्च वारंवारितेच्या लहरी प्रचंड माहिती वाहून नेतात, पण नाजूक असतात. भिंत आडवी आली की संपल्या. ओलं पान आडवं आलं तरी अर्ध्या होतात. दुसरा भाग एज कम्प्युटिंगचा. कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं दूरच्या सर्व्हरला पाठवत बसण्याऐवजी, जागेवरच एक छोटा संगणक ठेवायचा, त्यानेच बघायचं, त्यानेच ठरवायचं आणि कळवण्यासारखं असेल तेवढंच कळवायचं. हे दोन्ही प्रयोगशाळेच्या बाहेर, खऱ्या शेतात चालतं का ते आम्हाला बघायचं होतं.

जागा सरांनी निवडली. लोणी काळभोरला, सोलापूर रस्त्यापासून आत, एका शेतकऱ्याचं स्लॅबचं घर. गच्चीवर अँटेना आणि संगणकाची पेटी. समोर मोकळं रान, आणि रानाच्या पलीकडे विहीर. विहिरीशी आठ फुटी खांब, त्यावर कॅमेरा आणि दुसरी अँटेना. मधे काहीही नाही. फेब्रुवारी महिना होता. सर खूश होते, अशी स्वच्छ दृष्टिरेषा पुण्यात कुठे मिळणार म्हणाले.

मी त्या रानात दहा पावलं चालले आणि परत आले. पायाखाली बुडखे होते, हिरवे कोंब फुटलेले. सरांना सांगितलं की हे मोकळं रान नाही. पंधरा दिवसांपूर्वी इथला ऊस तोडलाय, आता त्याच बुडख्यांतून खोडवा येईल आणि पावसाळा संपेपर्यंत खांबाच्या वर जाईल. खांब तरी पंधरा फुटी घेऊ.

सर म्हणाले, "मॅडम, आपला विषय नेटवर्क आहे. कृषी महाविद्यालय शिवाजीनगरला आहे, हवं तर पत्ता देतो."

सोबतचे दोन विद्यार्थी हसले. खांब आठ फुटीच लागला. तो आधीच कापून आणला होता.

गच्चीचा सौदा मात्र माझ्याकडे सोपवला, कारण शेतकऱ्याशी काय बोलायचं हे सरांना सुचेना. शेतकरी साठीचे, पांढरी टोपी, चेहऱ्यावर काही दिसू न देणारे. मी त्यांना मामा म्हणायला लागले. मामांना कॉलेजचं पत्र दिलं, ते त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.

"घ्या की गच्ची," ते म्हणाले. "पर माझं काय?"

मला बरं वाटलं. हे माझ्या भाषेतलं बोलणं होतं. मी त्यांना वडिलांचाच नियम सांगितला: ज्याची गच्ची, त्याला कनेक्शन. काय हवं ते बोला. त्यांनी विचार केला आणि विहिरीकडे बोट दाखवलं. वीज कधी येते, कधी जाते याचा नेम नाही. मोटार चालू झाली की नाही बघायला दिवसातून चारदा बांधावरून चालत जावं लागतं आणि गुडघे दुखतात. ते घरात बसून फोनवर दिसलं पाहिजे. मी कबूल केलं. माझ्या दोन अटी घातल्या. एक, पेटीची किल्ली माझ्याकडे राहील आणि मी आल्याशिवाय गच्चीचं दार कुणासाठी उघडायचं नाही. दोन, दर गुरुवारी मी येईन, उसाची उंची टेपने मोजेन, सिग्नल मोजेन, वहीत लिहीन आणि त्यावर मामांनी सही करायची. पाणी कधी दिलं, तेही त्यांनी सांगायचं.

"लिवा," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "पर ऊस वाढला म्हंजी? तवा मोटार दिसंल का?"

मी म्हटलं, दिसेल. कशी, ते त्यांना तिथल्या तिथे उभ्याउभ्या समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हेबी लिवा. लिहिलं. त्यांनी सही केली, मीही केली. वही त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर गेली.

मग माझे गुरुवार सुरू झाले. धायरीहून स्वारगेट, स्वारगेटहून लोणी काळभोरची बस, हडपसरला अर्धा तास एकाच जागी. मांडीवर लॅपटॉप, पिशवीत मोजपट्टी. मार्चमध्ये खोडवा घोट्याला, मेमध्ये गुडघ्याच्या वर, जुलैत माझ्या डोक्याइतका. ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी पानं खांबावरच्या अँटेनाच्या पुढे डुलायला लागली आणि पुढच्या पंधरवड्यात लिंक मेली. सरांनी विभागाच्या बैठकीत सांगितलं की जोडणी सदोष आहे. जोडणी मी केली होती. मी टेबलावर हात आपटून म्हटलं की जोडणी ठीक आहे, ऊस आडवा आलाय, आणि हे मी फेब्रुवारीत सांगितलंय. सरांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. सगळे पुन्हा हसले.

ऑक्टोबरपर्यंत मी पेटीतला प्रोग्राम पुन्हा लिहिला. उच्च वारंवारितेचा सिग्नल दिवसागणिक किती उतरतोय यावरून पेटी पीक किती वाढलंय याचा अंदाज बांधायची आणि लिंक तुटण्याच्या आधीच खालच्या, हळू पण पानांतून पार होणाऱ्या लहरींवर जायची. त्या लहरींवर पूर्ण चित्र मावत नाही. म्हणून खांबावरही एक लहानशी पेटी बसवली. चित्र तिनेच बघायचं आणि घराकडे एवढंच कळवायचं: मोटार चालू, मोटार बंद, विहिरीशी कुणी आलंय. मामांचा फोन पुन्हा बोलायला लागला. सर साइटवर आले आणि तासभर गच्चीवर उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी या पद्धतीवर आठ पानांचं टिपण लिहिलं. समीकरणं त्यांची होती, छान होती. त्या टिपणातून जूनचा पेपर आला आणि पेपरातून हा अर्ज.

अर्ज पाहिला त्याच दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. मला काय हवं ते सरळ सांगितलं: संशोधकांत माझं नाव, आणि पहिलं.

"शिडीवर चढणं हे काम आहे, मॅडम," सर म्हणाले. "संशोधन नव्हे."

"मग उद्यापासून तुम्ही चढा. मी पेटी उतरवते."

"अवश्य. स्टोअरमध्ये जमा करा आणि पावती आणा."

त्यांनी मान खाली घालून पुन्हा लिहायला सुरुवात केली. मी दार आपटून बाहेर आले. माझा सौदा पक्का आहे असं मला वाटत होतं. पुढच्या महिन्यात कंपनीचे लोक प्रात्यक्षिक बघायला येणार होते, आणि पेटीशिवाय त्यांना दाखवायला सरांकडे ऊस सोडून काही नव्हतं. किल्ली माझ्याकडे. गच्ची माझ्या शब्दावर.

दुसऱ्या दिवशी गुरुवार नव्हता. मी लोणी काळभोरला उतरले ती स्क्रूड्रायव्हर घेऊनच. मामा ओट्यावर बसले होते. वेळेआधी कशा, त्यांनी विचारलं. पेटी उतरवायला आलेय म्हटलं. ते उठले नाहीत, फक्त त्यांनी पाय लांब करून जिन्याची वाट अडवली.

"पेटी कालेजची आसंल. गच्ची माझी हाय. आन् सौदा तुमचा-माझा. मोटार दिसायची बंद झाली तर सौदा मोडला कुनी? म्या का तुमी?"

मी आवाज चढवला. माझ्यावर काय अन्याय झालाय तो सगळा, पेपरापासून अर्जापर्यंत, ओट्यावर उभी राहून सांगितला. सून बाहेर येऊन बघून गेली, चहा ठेवून गेली. मामांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, तुमच्या सायबानं तुमाला फसवलं ते वाईट झालं, पर म्या काय केलंय? ते आत गेले आणि वही घेऊन आले. त्यांनी आपली बाजू पाळलीये हे मला दाखवायचं होतं. दीड वर्षाचे गुरुवार, प्रत्येकावर सही. पुतण्याच्या लग्नाच्या दिवशीही हळदीच्या बोटांनी केलेली, पिवळा डाग पडलेली. म्या चुकलो न्हाई, तुमीबी चुकायचं न्हाई.

ते एकेक पान उलटत मागे मागे गेले, पहिल्या पानापर्यंत, आणि तिथे बोट ठेवलं.

"हे बगा. लिवून दिलंय तुमी."

मी वाचलं. माझं अक्षर, फेब्रुवारीतली तारीख. 'ऊस खांबाइतका होण्याच्या आधीच पेटी ते ओळखेल. रोज सिग्नल किती कमी होतो यावरून तिला पिकाची उंची कळेल. मग ती आपोआप दुसऱ्या लहरींवर जाईल. त्या हळू आहेत, पण पानांतून जातात. तेव्हा पूर्ण चित्र येणार नाही, खांबाजवळच चित्र बघून मोटार चालू आहे की बंद एवढंच कळवलं जाईल.' खाली दोन सह्या.

हे मी लिहिलं होतं आणि विसरले होते. माझ्या लेखी ती मामांना पटवण्यासाठी दिलेली कबुली होती, गच्ची मिळवण्याची किंमत. तिला मी संशोधन समजलेच नव्हते. सर शिडीला काम म्हणाले म्हणून मी केबिनमध्ये भांडून आले होते, आणि माझ्या स्वतःच्या डोक्यातही तीच विभागणी होती: जे इंग्रजीत, समीकरणांसकट, कॉलेजच्या कागदावर लिहिलं जातं ते संशोधन, आणि ओट्यावर बोलतो ते नुसतं बोलणं. सरांच्या टिपणाच्या नऊ महिने आधीचा तो कागद होता.

स्क्रूड्रायव्हर पिशवीत परत गेला. मामा वही द्यायला तयार नव्हते, ती सौद्याची वही. मग सुनेला सोबत पाठवलं, तिने गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात स्वतः उभं राहून पानं काढू दिली आणि वही पदराखाली घेऊन परत गेली.

समितीच्या बैठकीला संशोधन कक्षाच्या प्रमुख बाई होत्या, सर होते, विभागप्रमुख होते. मी झेरॉक्स समोर ठेवली. सरांनी ती दोन बोटांनी उचलली.

"हे काय, उसाची वही?"

प्रमुख बाईंनी ती त्यांच्याकडून घेतली आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं, सावकाश, पूर्णविरामांसकट. वाचून झाल्यावर त्यांनी सरांच्या अर्जातला पहिला दावा काढला आणि तो इंग्रजीतून वाचला. दोन्हींत सांगितलेली गोष्ट एकच होती.

"यात एकही समीकरण नाही," सर म्हणाले.

"तारीख आहे," बाई म्हणाल्या. "आणि साक्षीदाराची सही. तुमच्या टिपणावर साक्षीदार कोण आहे?"

त्यानंतर सौदा सुरू झाला, आणि तो मला येतो. सरांनी चौथं नाव देऊ केलं. मी नको म्हटलं. मग त्यांनी आडनावाच्या वर्णक्रमाने लावू म्हणून सुचवलं. माझं आडनाव कुठे येतं ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी सांगितलं की क्रम कल्पना कुणाला आधी सुचली त्याने लागेल, समीकरणं सरांची आहेत म्हणून दुसरं नाव त्यांचं, आणि गाडीच्या काचेतून साइट पाहिलेल्या साहेबांनी काय केलं ते एका वाक्यात लिहून द्यावं, मग तिसरं नाव त्यांचं. विभागप्रमुखांनी आपलं नाव स्वतःच काढायला सांगितलं. साहेबांचं वाक्य आलं नाही. आणखी एक मागणी मी ठेवली होती: जूनच्या पेपरात दुरुस्ती. सर म्हणाले, छापून झालंय. बाईंनीही माझ्याकडे, आता पुरे, अशा नजरेने पाहिलं. पेपर त्या दिवशी मी सोडला. अर्जावर दोन नावं गेली आणि त्यांतलं पहिलं माझं आहे.

सोडला म्हणजे विसरले नाही. त्या मासिकाच्या संपादकांना मी पहिल्या पानाची झेरॉक्स आणि तिचं भाषांतर पाठवलंय. दोनदा. तिसऱ्यांदाही पाठवेन. आभारातल्या त्या ओळीतून माझं नाव वर जाईपर्यंत पाठवत राहीन, आणि सरांना हे माहीत आहे, कारण प्रत्येक पत्राची प्रत मी त्यांनाही देते. आम्ही एकमेकांना अजून 'सर', 'मॅडम' म्हणतो.

यंदाच्या फेब्रुवारीत पुन्हा ऊस तुटला. मी गेले तेव्हा रान मोकळं दिसत होतं, विहीर गच्चीवरून स्पष्ट, कुणीही म्हणावं की मधे काही नाही. मामांची नवी अट होती: पलीकडे भावकीत दुसरी विहीर आहे, तिथेही खांब हवा. मधे या वेळी केळी आहेत, म्हणजे पानं उसापेक्षा रुंद, पावसाचं पाणी धरणारी. हे कसं जमेल, त्यांनी विचारलं. मला उत्तर साधारण सुचलं होतं. बसमध्येच सुचलं होतं, हडपसरला.

"लिवा," मामा म्हणाले.

मी नवं पान काढलं. सगळ्यात आधी वर तारीख टाकली, त्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मग उत्तर लिहायला घेतलं. दीड पान झालं. मामांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, एका ठिकाणी 'वाऱ्यानं केळीचं पान फाटतंय, ते धरलं का?' म्हणून विचारलं. धरलं नव्हतं. ती ओळ मी घातली, आणि पुढे कंसात लिहिलं की ही सूचना त्यांची. ती वाचून मगच त्यांनी सही केली.

खोडवा एक बोट होता. तेही लिहिलं.